माना डोलावणारा वर्ग

बसवनगुडी, बेंगळुरू

प्रिय आईस, लांबून तुझ्या रेणुकाचा नमस्कार.

एका वर्गाला दोन बाई कशाला, असं तू फोनवर विचारलंस. आमच्या शाळेपुरतं त्याचं उत्तर मला देता येत नाही.

ठरलं होतं ते असं: धडा दोघींनी आधी मिळून बसवायचा, महानंदा मॅडमनी शिकवायचं आणि ऐकू न येणाऱ्या मुलांना मी शेजारी उभी राहून तेच खुणांनी सांगायचं. पण धडा मागितला की त्या म्हणतात, “अगं, तू नुसते हात हलव. स्वल्प ॲडजस्ट कर.” इथल्या या ‘जरा सांभाळून घे’ची किळस येते गं.

मी वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल देणगीदार वर्गात आले. मॅडमनी विचारलं, “समजलं?” सगळ्या मुलांनी माना डोलावल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या बाकावरच्या धनलक्ष्मीला खुणेने विचारलं, काय समजलं? तिने खुणेनेच सांगितलं, “काहीच नाही. मॅडमचं बोट वर गेलं की मान हलवायची.”

मॅडमना खुणा येत नाहीत, पण माझा चेहरा त्यांना कळला. “नोकरी हवीय ना? गप्प बस,” त्या पुटपुटल्या.

बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. धनलक्ष्मीचं उत्तर मी पाहुण्यांना मोठ्याने सांगितलं.

तुझीच,
रेणुका