बाबांचा पंधरवडा

१५ डिसेंबर

चि. घुम्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दीड पानातलं एक पान नुसत्या थंडीचं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली; लोक छापलेलं वाचतात, मी गाळलेलं वाचते. तुझ्या गेल्या तीन पत्रांत हॉस्पिटलबद्दल अवाक्षर नाही. एरवी तू औषधांच्या खोलीतल्या उंदराचंसुद्धा चरित्र लिहून पाठवतोस. वर ‘काळजि’ असं दोनदा लिहिलंयस. काय झालंय?

परवापासून बाबांचा पंधरवडा. ते गेल्यापासून तीन वर्षं आपण दोघांनी तो मोडलेला नाही: वर्षाच्या शेवटी रोज सकाळी एकट्याने, तोंड मिटून, झाडांमधून चालायचं आणि नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, वर्षभर कशाला धरून राहायचं ते एका वाक्यात सांगायचं. देवाला विचारायचं ते पायांनी विचारावं, असं ते म्हणत. एका वर्षी त्यांना ‘कमी बोलावं’ असं उत्तर मिळालं आणि त्यावर ते जेवणापर्यंत बोलत होते, आठवतंय?

मी इथे नदीकाठ धरणार आहे. तुझ्या हॉस्पिटलमागे तळं आहे, रान आहे. कानटोपी घाल आणि जा. आणि मला काय ते लिही.

इकडे माया आहे, तिकडेही असू दे.
तुझी
ताई

२० डिसेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

चार सकाळी चाललो. तळ्याच्या कडेने पाऊलवाट आहे, पुढे दलदल आणि उंच गवत. पानं गळून गेल्यामुळे रानात खूप आतवर दिसतं. बाबांना असल्या सकाळी शांत वाटायचं. मला कुणीतरी मागून येतंय असं वाटतं. वळून पाहतो, तर गोठलेल्या दवात माझीच पावलं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. वाचून झालं की फाड.

नोव्हेंबरात आमच्याकडे एक बाई दाखल झाल्या. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होत्या; आवाज असा, की वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवरचा माणूससुद्धा सुटे पैसे शोधायला लागेल. त्यांची मूत्रपिंडं अधू, आणि त्यांना सुरू केलेलं इंजेक्शन अंगात साठलं की कान जातात, म्हणून डॉक्टरांनी ते ‘दोन दिवसांतून एकदा’ द्यायला लिहिलं होतं. औषधाच्या डब्यावर सूचनेची चिठ्ठी मी चिकटवतो. मी लिहिलं, ‘दिवसातून दोनदा’. जवळजवळ तेच शब्द, ताई, नुसते इकडचे तिकडे. तू असतीस तर एका नजरेत पकडलं असतंस. सिस्टरने माझी चिठ्ठी वाचून सहा दिवस तसंच दिलं. सातव्या दिवशी बाईंना ऐकू येईनासं झालं. ते परत येणार नाही.

गडबड उडाली तेव्हा मी डबा पाहायला म्हणून गेलो आणि चिठ्ठी सोलून खिशात घातली. का, ते मला आजही सांगता येत नाही. हात पुढे गेला. आता डॉक्टरांचा कागद बरोबर आहे, चिठ्ठी नाही, म्हणजे चूक सिस्टरची. तिला घरी बसवलंय. दोन जानेवारीला चौकशी आहे. चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे.

रागावलीस तरी पत्र धाड.
घुम्या

२३ डिसेंबर

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र फाडलं नाही. तीनदा वाचलं, मग पिठाच्या डब्याखाली ठेवलं. आज कामावर एका पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान न वाचता पुढे गेलं. असं आजवर झालं नव्हतं.

मी काय लिहीन असं तुला वाटतंय, ते मी लिहिणार नाही. गप्प राहा. तू बोलल्याने बाईंचे कान परत येणार नाहीत. सिस्टरला ताकीद मिळेल, फार तर बदली होईल. तू बोललास तर पुरावा लपवला म्हणून तुझं लायसन्स जाईल, कदाचित तुरुंगही. तुला शाळेत सोडायला मी जात होते; तुझं बोट अजून माझ्या हातातून सुटलेलं नाही. मी तुझी बहीण आधी, बाकी शहाणपण नंतर. ती चिठ्ठी जाळ. बाबा वर काही म्हणाले, तर त्यांचं मी बघून घेईन.

आणि ते चालणं बंद कर. उत्तर नको असेल तेव्हा विचारायला जाऊ नये.

पोच दे. एक ओळ पुरे.
ताई

२८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहून काडी ओढली. एका हातात काडी, एका हातात चिठ्ठी. काडी बोटापर्यंत जळत आली. हात काही जवळ आले नाहीत. मग तू म्हणतेस तसं निदान चालणं तरी बंद केलं. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप निघाले.

काल सकाळी धुकं असं होतं, की पुढे केलेला हात दिसेना. वाट कधी सुटली कळलंच नाही. एकदम पाय घोट्यापर्यंत आत, मग गुडघ्यापर्यंत. वळलो तर तिकडेही पाणी, हाडं गोठवणारं. एक पाय ओढायला गेलो तो दुसरा रुतला. मी ओरडलो. लाज सोडून, लहान मुलासारखा. मग कुठून तरी एका बाईचा आवाज आला. तिने सांगितलं, की हलू नका, आधी माझा आवाज कुठून येतो ते ऐका. नंतर ती आकडे मोजत राहिली, मोठ्याने, न थांबता, आणि मी गवताचे बुंधे धरून, चिखलपाण्यात पोटावर, त्या आवाजाकडे सरकत गेलो. दोनशे अकराला तिचे बूट दिसले. तिने हात देऊन वर ओढलं, तेव्हा आम्ही एकमेकांना ओळखलं. ती सिस्टर होती.

घरात बसवत नाही म्हणून तीही रोज सकाळी तिथे चालते. माझे पाय तिने स्वतःच्या शालीने पुसले, बोटं चोळून रक्त फिरतंय ना ते पाहिलं. पुसता पुसता सांगायला लागली. सुरुवातीला तिला चिठ्ठी स्पष्ट आठवत होती. आता आठवत नाही. सगळेच म्हणतात चिठ्ठी नव्हती, म्हणजे आपणच कागद चुकीचा वाचला असणार. अठरा वर्षं इंजेक्शनं दिली, पण आता घरात चमचाभर खोकल्याचं औषध ओततानाही ती बाटलीवरची ओळ चार-चारदा वाचते. चौकशीत चूक कबूल करून नोकरी सोडायची, असं तिने ठरवलंय. मग तिने मला विचारलं, की तुम्ही तर डबा पाहायला गेला होतात, चिठ्ठी होती का हो?

पाकीट माझ्या खिशात भिजलेलं होतं. मी म्हणालो, की आठवत नाही.

ताई, तिने माझे पाय पुसल्यावर मी असं म्हणालो.

चिठ्ठी वाळवली आहे. अक्षरं फुटलीत, पण वाचता येतात. दोन तारखेला ती टेबलावर ठेवायची, असं आज तरी वाटतंय. मध्ये पाच दिवस आहेत. माझा मला भरवसा नाही.

तुझा
घुम्या

३० डिसेंबर

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

तेवीस तारखेचं पत्र माझं नव्हेच असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण अक्षर माझंच. घाबरले होते. तिचीही कुणी मोठी बहीण असेल, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

एक तारखेला दुपारच्या गाडीने येते. चौकशीच्या दाराबाहेर मी बसेन. मागे फिरलास तर मला ओलांडून जावं लागेल, आणि माझा घेर तुला माहीत आहे. चिठ्ठी वहीत ठेव, पाकिटात नको. जेवत जा.

बाकी समक्ष.
ताई

५ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

गाडी सुटेपर्यंत तू आत काय झालं ते एकदाही विचारलं नाहीस. मला तेव्हा सांगता आलंही नसतं.

टेबलामागे अधीक्षक आणि दोन डॉक्टर होते. सिस्टरने कबुली लिहूनच आणली होती आणि अधीक्षक ती वाचत होते. मी उभा राहिलो. चिठ्ठी तिच्या कागदावर नेऊन ठेवली. अधीक्षकांनी ती मोठ्याने वाचली. मग मी सगळं सांगितलं, सोलून खिशात घातली तेही. सिस्टरने विचारलं, की चिठ्ठी हातात घेऊन बघू का. बराच वेळ बघितली. मग आपला कागद परत मागून फाडला आणि उद्या सकाळची पाळी मिळेल का, असं अधीक्षकांना विचारलं. माझ्या शेजारून सरळ वॉर्डाकडे गेली. माझ्यासाठी ती थांबायलाही नको होती.

मी निलंबित आहे. लायसन्सचं महिनाभरात कळेल. पोलिसांत तक्रार करायची की नाही, ते कंडक्टरबाईंनी ठरवायचं आहे. यंदाचं वाक्य म्हणशील, तर धुक्यात ऐकलं तेवढंच आहे माझ्यापाशी: आधी आवाज कुठून येतो ते ऐका. मी अजून त्या आवाजाकडे सरकतोच आहे.

म्हणून काल कंडक्टरबाईंच्या घरी गेलो. दार ठोठावून उपयोग नव्हता. खिडकीसमोर उभा राहून हात हलवत राहिलो, तेव्हा त्यांनी पाहिलं. सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘दिवसातून दोनदा’ या शब्दांवर बोट ठेवून थांबल्या. भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं, ते त्या घरात एकट्या मलाच ऐकू येत होतं. मग कागदाची घडी करून त्यांनी उशीखाली सारली आणि स्वतःला ऐकू येत नसल्याने आणखीच चढलेल्या त्या आवाजात सांगितलं, की आज मला फार राग आलाय, आज तुम्ही उतरा. उद्या या, आणि येताना कोरी वही आणा. विचारायचं पुष्कळ आहे.

वही आणलीय, दोनशे पानी. आता निघतोय.

माझी आठवण असू दे.
घुम्या