कॅमेऱ्याकडची बाजू

३ तारीख
ही बहिणीकडे जाऊन आज अकरा दिवस. गेली होती चार दिवसांसाठी. म्हणजे येणारच. दुकानाच्या काउंटरवर आठ तास उभं राहून माणूस दमतं, दुसरं काही नाही.
संकल्प: रोजनिशीत हिच्याबद्दल लिहायचं नाही. फक्त काम.

४ तारीख
काम. सँडविच कंपनीच्या नव्या जाहिरातीचं शूट, सँडविच सजवायचं माझ्याकडे. एकशे ऐंशी बनमधून एक निवडला. वरचे तीळ चिमट्याने, गोंद लावून पुन्हा बसवले. पॅटीखाली पुठ्ठ्याची चकती, म्हणजे उंची येते. टोमॅटो, चीज, पानं सगळं पुढच्या कडेला. मागून टाचण्या. मागे काही नाहीच. कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही, मग तिथे टोमॅटो कशाला नासायचा?
फोटोग्राफर म्हणाला, तुमच्या हाताला तोड नाही. लगेच हिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, गिऱ्हाईक आहे, ठेवते.

७ तारीख
हिच्या दुकानात गेलो. सहज. गेल्या वर्षीचं माझं सँडविच हिच्या डोक्यावरच्या बोर्डावर झळकतंय, पुरुषभर उंच. त्याखाली एक आजोबा हातातलं सँडविच उघडून हिला विचारत होते, की चित्रातलं कुठे मिळेल. ही सॉरी म्हणाली. ते काही हटेनात. ही परत सॉरी म्हणाली. आमच्या दोघांचं काम एकाच कंपनीचं, पण शाबासकी मला आणि बोलणी हिला. यात माझा काय दोष? नावडतीचं मीठ अळणी, तसं माझं झालंय.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली, नेक्स्ट. नेक्स्ट मीच होतो. एक सँडविच घेऊन परत आलो.

९ तारीख, सकाळी ८
हिचा फोन. रविवारी येते, बोलायचंय म्हणाली. मी म्हटलंच होतं. मागून मेहुणीचा आवाज येत होता. त्यातलं ‘बडा घर पोकळ वासा’ एवढंच कळलं. आमचं घर तर दोन खोल्यांचं. दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असेल.

१० तारीख
घर आवरलं. दारातून दिसतं तेवढं. उरलेलं पडद्यामागे ढकललं.
संकल्प: ती बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. स्वतःच्या कामाचं कौतुक पाच मिनिटांच्या वर नाही. बरं, दहा.

११ तारीख, रविवार, दुपारी ४
हिच्यासाठी स्वतःच्या हाताने सँडविच केलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच. गोंद नाही, पुठ्ठा नाही, सगळं खाण्याचं. पाऊण तास लागला. खिडकीकडच्या खुर्चीसमोर प्लेट ठेवली, तिथे उजेड चांगला. बघून मलाच भरून आलं. आता ही कुठली परत जाते.

संध्याकाळी ७
गेली.
आली ती खिडकीकडच्या नाही, समोरच्या खुर्चीत बसली. सँडविचची पाठ तिच्याकडे. शपथेवर सांगतो, मुद्दाम केलं नव्हतं. हाताला सवय. टोमॅटो, चीज, पानं सगळं खिडकीच्या बाजूला, तिच्या बाजूला कोरडा बन आणि तीन टाचण्या. तिने एकेक टाचणी काढून प्लेटच्या कडेला ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, की मी नऊ वर्षं याच खुर्चीत बसते हो.
मग कपड्यांची बॅग भरली. किल्ली टेबलावर ठेवली. मी मध्ये तोंड घातलं नाही. तेवढा एक संकल्प पाळला, आणि तोच पाळायचा नव्हता.

१२ तारीख
स्टुडिओत गेलो नाही. कळवलंही नाही.
किल्लीशेजारी तिने येताना आणलेली दुकानाची कागदी पिशवी होती, ती आज उघडली. आत सँडविच. चपटं, एका बाजूला कललेलं, पानं बाहेर लोंबलेली. फोटोच्या लायकीचं नाही. मागून उघडून पाहिलं. मागेही भरलेलं होतं. कंपनीच्या नियमाने टोमॅटोच्या दोनच चकत्या घालतात. हिने चार घातल्या होत्या.
तिच्या खुर्चीत बसून खाल्लं. खाताना रडलो. तिथून पडद्यामागे ढकललेलं सगळं दिसतं.