एका नावेची दोन मापं

प्रिय ठमे,

माझं अक्षर पाहून तुला वाटेल घरी काही झालं, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्या मते तो माझ्यापेक्षा कमीच कुरकुरतो. तुम्हा दोघींचे फोन चालू असतात तेव्हा मी आतल्या खोलीत कागद चाळण्याचं सोंग करून बसलेला असतो. तेवढ्यावरून मला तुझी खबर कळते. नव्या ऑफिसात तुला जिन्याखालची जागा दिली आहे, दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि कोणी वर चढलं की टेबलावर धूळ पडते, हे सगळं मी ऐकलं आहे. पाणी कुठूनच दिसत नाही, हे तू हसत सांगितलंस. ती फोन माझ्याकडे धरते आणि मी हातानं नको म्हणतो, हे तुला ती सांगत नसावी. फोनवर माणसाला लगेच बोलावं लागतं. मला आधी खाडाखोड करायची होती.

दुकान आहे तिथेच आहे, बर्फाच्या कारखान्याला लागून. भिंतीला ओल येते म्हणून कागदांचं कपाट समोरच्या बाजूला सरकवलं. पाटी नव्यानं रंगवली. अक्षरं मीच काढली, काना-मात्रेसकट बरोबर. धक्क्यावर अजून मला मास्तर म्हणतात. शाळेत मी किती टिकलो ते तुला ठाऊक आहे, तरी या हाकेची मला सवय झाली होती. खरं सांगायचं तर चटक लागली होती.

आता जे लिहितो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरीही लिहितो, कारण वजाबाकी कुठे चुकली ते शोधायचं तर वरच्या रकमेपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे मासेमारीच्या प्रत्येक नावेची नोंदणी दोनदा. एकदा बंदर कार्यालयात, ती जहाज म्हणून. आणि एकदा तुमच्या मासेमारी खात्यात, ती मासे धरते म्हणून. दोन अर्ज, दोन तपासण्या, दोन मापं, आणि पुढच्या टोकावर एकाखाली एक रंगवलेले दोन नंबर, एका चुलीवर आलेल्या दोन जावांसारखे एकमेकींकडे पाठ करून. बंदरवाले त्यांच्या माणसाकडून माप घेतात. खात्याला मात्र मालकानं स्वतः माप भरून द्यायचं. मालक जाळं विणतील, इंजिन उघडतील, पण रकाना दिसला की हात मागे घेतील. त्या मागे घेतलेल्या हातांवर माझं दुकान उभं राहिलं.

मी हे कोणाकडून शिकलो नाही, हे मी येता-जाता सांगत आलो. रद्दीवाल्याकडे नियमांचं जाडजूड पुस्तक मिळालं, ते मी दिव्याखाली बसून पाठ केलं. नावेची लांबी कुठून कुठे, रुंदी कुठे, खोली कशी, सगळं. टेप नावेवर ताणून धरायचा, सैल सोडायचा नाही, हे मी जाणत्या सुतारांनाही सुनावत असे. आणि माझं एक वाक्य ठरलेलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की चहाच्या आधी ते वाक्य यायचं: मास्तरांचा अर्ज परत येत नाही. तुझी वहिनी आतून म्हणायची, माहेरी गेलेली बायकोसुद्धा परत येते, यांचा अर्ज तेवढा येत नाही. लोक हसायचे. मीही हसायचो, पण मनातून वाटायचं, बघा, घरचीसुद्धा कबूल करते.

मग खात्यात अर्ज तपासता तपासता तू नव्या नियमाचा मसुदा केलास. एकच नोंदणी, एकच माप, एकच नंबर. एका खात्यानं घेतलेलं माप दुसऱ्यानं मानायचं. वर तू मथळा दिला होतास, ‘एका नावेला एकच नाव’. मथळा चांगला होता हे मला तेव्हाही कळलं होतं. तुझ्या आधी मला का सुचला नाही, असंही वाटलं होतं. मसुदा तू मला दाखवायला घरी आणलास, आणि मी चष्मा सापडत नाही असं सांगून तो न वाचता बाजूला ठेवला. चष्मा खिशात होता. तू निघून गेल्यावर वाचला. वाचताना मला फक्त एक गोष्ट दिसली, की याच्यानंतर माझ्या खुर्चीवर कोणी बसणार नाही. पण ती गोष्ट मी स्वतःलाही सांगितली नाही. मी चूक शोधायला लागलो. आणि मला ती सापडली, असं मला वाटलं.

लिलावाच्या शेडमधली ती सुनावणी तू विसरली नसशील, मीही नाही. ओल्या फरशीवर खुर्च्या मांडल्या होत्या. तुझे साहेब मधोमध, तू त्यांच्या डाव्या हाताला. सगळ्या मालकांच्या वतीनं बोलायला मला उभं केलं. तू मसुद्यात लांबीची व्याख्या दिली होतीस आणि तीत मागचा माच धरला नव्हता. जाळं ठेवायला नावेच्या मागे बाहेर काढलेला तो फळ्यांचा माच माझ्या पुस्तकात लांबीत धरलेला होता. मी पुस्तक उघडून वाचून दाखवलं. तिथे थांबलो असतो तर चुकलेला माणूस ठरलो असतो, एवढंच. पण शेड भरलेली होती आणि माझा आवाज छान लागला होता. मी म्हणालो, बाईसाहेब, नाव कागदावर तरंगत नाही. मग म्हणालो, हिला फूटपट्टी कुठल्या बाजूनं धरायची ते मी शिकवलंय, अजून तिला जमलेलं दिसत नाही. शेड हसली. मागून कोणीतरी ओरडलं की बायकांना माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं चालतात, मग नावेनं काय घोडं मारलंय. आणखी हसले. साहेबही हसले, आणि मसुदा पुढच्या विचारासाठी बाजूला ठेवतो म्हणाले. कपाटात ठेवायचं असलं की ते तसंच म्हणतात.

तू समोरच्या फायलीतून एक कागद अर्धा बाहेर काढला होतास. माझ्याकडे बघितलंस. मग तो कागद आत सारलास आणि पेनाला टोपण लावलंस. एवढंच म्हणालीस, “मुद्दा नोंदवून घेतला.” मला वाटलं, निरुत्तर झाली. घरी येताना माझी छाती फुगलेली होती. तुझ्या वहिनीनं ताट वाढलं, समोर बसली, आणि मला विचारलं, “तुमची जीभ मोजायला कुठलं पुस्तक लागतं?” मी तेही विजयातच जमा केलं. पुढे तुझी बदली झाली. बदली म्हणजे शिक्षा नव्हे, असं आदेशात लिहिलेलं असतं, आणि मी त्या वाक्याचा आधार घेतला.

तू गेल्यावर पहिला अर्ज परत आला.

तो सगळ्यांच्या मावशीचा होता. आपल्या धक्क्यावर स्वतःच्या नावानं नाव चालवणारी ती एकटी बाई. नवरा गेल्यावर तिनं इंजिन बदललं, खलाशी सांभाळले, आणि लिलावात तिच्यापुढे व्यापाऱ्यांची बोलती बंद होते. शेरा असा होता की बंदर कार्यालयाची लांबी आणि अर्जातली लांबी जुळत नाही, आणि अर्जातली लांबी धरली तर नाव वरच्या वर्गात जाते, त्या वर्गाचा परवाना वेगळा. मी हसलो. मावशीला सांगितलं, नवा कारकून अडाणी आहे, मी बघतो. मी पुन्हा टेप लावला, पुन्हा तेच माप भरलं, खाली पुस्तकातलं कलम लिहिलं, दोनदा रेघ ओढून. अर्ज पुन्हा आला. मग दुसऱ्यांचे यायला लागले. मी बंदर कार्यालयात जाऊन त्यांचं माप चूक आहे म्हणून भांडलो. ते म्हणाले, आधी खात्याकडून दुरुस्त करून आणा. खातं म्हणालं, आधी बंदरातून. ऐन हंगामात मावशीची नाव धक्क्याला बांधलेली, इतरांच्या नावा भरून येत होत्या, आणि तिचे खलाशी एकेक करून दुसरीकडे लागले. ती रोज सकाळी कारकुनाच्या टेबलासमोर जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून येई. शब्द मी पुरवले होते.

शेवटी मी स्वतःच गेलो, पुस्तक काखेत मारून. कारकून तरुण आहे, कपाळावर केस येतात ते फुंकरीनं उडवतो. त्यानं माझं पुस्तक बघितलं, छापल्याचं साल बघितलं, आणि ड्रॉवरमधून एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं. सुधारित व्याख्या. बोल्टांनी बसवलेली, काढता येणारी कुठलीही गोष्ट लांबीत धरायची नाही. माच काढता येतो. ठमे, माच काढता येतो हे मला माहीत नव्हतं का? नावा ओढून वर घेताना मी कितीदा बोल्ट काढायला मदत केली आहे. पण पुस्तकात होतं, म्हणून मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. ती सुधारणा झाली तेव्हा मी दुकानही टाकलेलं नव्हतं.

हे मी गिळलं असतं. पण मी, सवय जात नाही ना, त्याला म्हणालो की मग माझे आधीचे सगळे अर्ज मंजूर कसे झाले. त्याला टोमणा कळला नाही. तो सरळपणे म्हणाला, “ते ताई दुरुस्त करायच्या ना. तुमच्या अर्जातली लांबी खोडून बंदरातली लिहायच्या. मला तसं करायची परवानगी नाही, काका.” मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. उठून त्यानं जुन्या अर्जांच्या कपाटाला कुलूप घातलं, माझ्यासमोर, आणि किल्ली खिशात टाकली. मला म्हणाला, मी काही बोललो नाही. पोरगा चांगला आहे.

सगळे अर्ज, ठमे? तू एकदाही परत पाठवला नाहीस. एकदाही संध्याकाळी घरी येऊन म्हणाली नाहीस की दादा, माच धरू नकोस. कदाचित म्हणालीही असशील, आणि मी चष्मा शोधत असेन. आता मला तो अर्धा बाहेर काढलेला कागद कळतो. तेच पान होतं ना? तू ते टेबलावर ठेवलं असतंस तर मी त्या शेडमध्ये उभ्या उभ्या उघडा पडलो असतो. मला झाकायला तू तुझा मसुदा बुडवलास, आणि जिन्याखाली जाऊन बसलीस. मी वर फूटपट्टीचा विनोद केला. रात्री पडल्यावर तो विनोद मला माझ्याच आवाजात ऐकू येतो.

मावशीकडे गेलो. दारातच सांगितलं, की कारकून बरोबर होता, माप माझं चुकलं, नाव माझ्यामुळे बांधलेली राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल, आणि मला ते हवंही होतं. ती मासे साफ करत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, “चुकलात ते चुकलात, मास्तर. पण मी त्या पोराला रोज शिव्या घातल्या, त्या आता परत कशा घेऊ ते सांगा.” दुसऱ्या दिवशी तिच्या अर्जात बंदरातलं माप मी माझ्या हातानं लिहिलं. आता परवाना आला आहे. खलाशी परत मिळेपर्यंत हंगाम संपेल.

हे पत्र का, ते आता. या अडकलेल्या नावांमुळे बोंबाबोंब झाली आणि तुझा मसुदा कपाटातून बाहेर आला. सोमवारी त्याच शेडमध्ये पुन्हा सुनावणी आहे, आणि मालकांनी बोलायला पुन्हा मलाच नेमलं आहे. मी सांगणार आहे की ती व्याख्या बरोबर होती, मी जुनं पुस्तक घेऊन बडबडलो, तुला जे बोललो ते नीच होतं, आणि दोनदा नोंदणी करण्यात माझ्याखेरीज कोणाचंही भलं नाही. पण अर्ज तू दुरुस्त करत होतीस, हे मी सांगू शकत नाही. ते सांगितलं तर तुझी नोकरी जाईल. म्हणजे मला अर्धंच सांगता येणार. आणि लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतं: मास्तर आयुष्यात एकदाच चुकले, पण काय मोठं मन, चारचौघांत कबूल केलं. टाळ्यासुद्धा वाजतील. त्या मला उभं राहून घ्याव्या लागतील, आणि माझा अर्ज परत येत नाही हे खोटं त्यांच्या तोंडी तसंच राहील. यातून सुटायची वाट मी बरीच शोधली, सापडली नाही. पूर्ण खरं तेवढं या कागदावर आहे, आणि तोही तू जपून ठेवू शकत नाहीस. वाचून झालं की फाड. पण आधी नीट वाच, आणि कुठे चुकलेलं दिसलं तर या वेळी खोडून दुरुस्त करू नकोस. परत पाठव.

तुझाच (एवढं तरी बरोबर असावं),
दादा