गवताखालचं प्लास्टिक

नवरोबा,

मी ढब्बूला घेऊन ताईकडे जातेय. भांडून नाही, दमून. रोज सकाळी अंगणात बादल्या ओतून कमरेचा काटा ढिला झालाय, आणि वास काही जात नाही. ज्याच्यासाठी तू ते नकली गवत बसवलंस, तो ढब्बू, कुत्रा असून, आता त्यावर पाऊल टाकत नाही. दाराशी पायपुसण्यावरच उरकतो. त्याला तरी कळलं.

चिखल वर येऊ नये म्हणून तू गवताखाली प्लास्टिक अंथरलंस. आधीच चिकणमाती, त्यात प्लास्टिक. मूत जाणार कुठे? मी तेव्हाच म्हटलं होतं. तू म्हणालास, "तुला काय कळतं त्यातलं?"

गवत गुंडाळून भिंतीला टेकवलंय, प्लास्टिक फेकून दिलंय. आता वीतभर माती खणून काढ, खडी भर, नीट ठोकून घे. उतार फाटकाकडे दे, आईंच्या खिडकीकडे नको. त्यांना दुपारची गोळी आठवणीने दे. त्या तुझ्यावर नाही, वासावर चिडल्यात.

गवत अंथरण्याआधी खडीवर बादलीभर पाणी ओत आणि जरा थांबून बघ. मुरलं तर फोन कर.

नाही मुरलं तरी कर.