सीन आणि चेक्ड

बाबा, तुमचे ते दोन इंग्रजी शब्द अजून माझ्या मागे लागलेले आहेत. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, रेल्वेच्या कारखान्यातली तुमची रजिस्टरं कधीच रद्दीत गेली असतील. पण त्यांच्या शेवटच्या रकान्यात तुम्ही तिरप्या अक्षरात जे ‘सीन’ आणि ‘चेक्ड’ लिहायचात, त्यातला कुठला शब्द मी कुठे लिहिला, यावरून आज अकरा वाजता माझी नोकरी राहते की जाते हे ठरणार आहे. आत्ता सकाळचे साडेसहा झालेत. तुमची नात झोपलेली आहे, चहा उकळून उकळून काळा झाला आहे, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यासमोर दोन कागद आहेत. एक ऑफिसात द्यायचा अर्ज आहे, तो काल संध्याकाळीच लिहून झाला. दुसरा हा.

लहानपणी तुमचं काम मला धड सांगता यायचं नाही. वर्गातल्या पोरींचे वडील गार्ड होते, बाबू होते, एकीचे तर तिकीट तपासनीस होते. मी म्हणायचे, माझे बाबा दोर पाहतात. क्रेनचे तारेचे दोर, साखळ्या, हुक. हे ऐकलं की तुम्ही चिडायचात. “पाह्यते तर कोणीबी. मी तपासतो,” म्हणायचात. तपासायची तुमची रीत ठरलेली होती. क्रेन बंद करवायची, हुक खाली घ्यायचा, शिडीवरून वर चढायचं आणि तारेच्या दोरावर सुती फडकं गच्च धरून ते हळूहळू शेवटपर्यंत न्यायचं. आतली एखादी बारीक तार तुटून वर आली असेल तर ती तेलाच्या थराखाली डोळ्याला दिसत नाही, पण फडक्याचा धागा तिच्यात अडकतो. फडकं सुरळीत गेलं की तुम्ही लिहायचात चेक्ड. क्रेन थांबवलीच नाही, खालून मान वर करून पाहावं लागलं, तर सीन, म्हणजे नुसतं पाहिलं. रायपूरच्या गोल बाजारातून तुम्ही एक जुनी डिक्शनरी आणली होती आणि हे दोन्ही शब्द त्यात शोधले होते. समाधान झालं नाही तुमचं. डिक्शनरीत हाताचं काहीच लिहिलेलं नाही, अशी तुमची तक्रार होती.

तो हात मला पहिल्यांदा कळला तो बूढ़ापाऱ्यातल्या आपल्या घरी. नागपूरला मावशीच्या लग्नाला निघालो होतो. सामान रिक्षात चढलेलं, आई पुढे बसलेली, मी कुलूप लावून धावत आलेली. तुम्ही विचारता, गॅस चेक केला का? मी म्हणते, हो. तुम्ही विचारता, “हात लावला का?” मी रिक्षात पाय ठेवते. “पाह्यलं का तपासलं, मले एकच सांग.” मी म्हणते, पाहिलं. तुम्ही रिक्षावाल्याला थांबायला सांगता आणि मला घेऊन परत घरात येता. बटण बंदच असतं. मी अकरा-बारा वर्षांची, डोळ्यात पाणी, गाडी चुकायची वेळ, आणि मी ओरडते, बंदच होता ना! तुम्ही शांतपणे म्हणता, “बंद होता हे तुले आता समजलं. आधी तर नुसतं वाटून राहिलं होतं.” नागपूरपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. लग्नात सगळ्यांना सांगत सुटले की माझे बाबा विक्षिप्त आहेत.

मग ते अधिकारी आले. तेव्हा मी नववीत होते. कारखान्यातली मोठी क्रेन कामाच्या गडबडीत महिनाभर थांबली नव्हती, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये तिच्यापुढे सलग चार वेळा सीन लिहिलेलं होतं. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं. घरी जेवताना तुम्ही आईला त्यांची नक्कल करून दाखवली होती. “अरे भाई, सीन का क्या मतलब निकलता है? चेक्ड कर दो इसको.” आणि तुम्ही म्हणालात, “साहब, क्रेन दो घंटे दे दीजिए, अभी लिख देता हूँ. बिना हाथ लगाए नहीं लिखूँगा.” आईने कपाळावर हात मारला. “एका शब्दासाठी काहून अडून राहिले तुम्ही? लिहून द्या न!” त्या वर्षी बढतीच्या यादीत तुमचं नाव नव्हतं. पुढच्या महिन्यात क्रेन थांबली, तुम्ही फडकं फिरवलं, दोर अगदी चांगला निघाला आणि तुम्ही चेक्ड लिहून टाकलं. आईचं म्हणणं, मग मिळवलं काय? तुम्ही त्या दिवशी खूश होतात, हे मात्र मला आठवतं. येताना जलेबी आणली होती.

मला नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं की तुम्ही घड्याळ द्याल. भनपुरीकडच्या कारखान्यांच्या क्रेन दर सहा महिन्यांनी तपासून सर्टिफिकेट द्यायचं काम, तुमचंच काम खरं म्हणजे, फक्त माझ्याकडे डिग्री आणि हेल्मेट. तुम्ही हातात ठेवलंत ते आईच्या जुन्या पांढऱ्या पातळाचं फडकं, चारही बाजूंनी दुमडून शिवलेलं. “बाजारचं घेशील त नायलॉन निघन. याचा धागा लवकर अडकते.” मी वरवर हसले आणि मनात चिडले. इतकी शिकले आणि बापाने काय द्यावं, तर फडकं! तुम्हाला ते दिसलं असेल. ते फडकं मी बॅगेच्या तळाशी टाकलं, आणि बॅगा बदलत गेल्या तरी सवयीने ते एकीतून दुसरीत जात राहिलं. काही वर्षं वापरलंही. मग आमच्या ऑफिसात छापील फॉर्म आले. त्यात प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन असतो, चौकोनात बरोबरची खूण करायची, आणि खाली एकच शब्द आधीच छापलेला असतो, चेक्ड. सीन लिहायला जागाच नाही. एका दिवसात चार-चार कारखाने उरकायचे असतात. मी कधी खूण करायला लागले आणि कधी फडकं बाहेर काढायचं सोडलं, मला सांगता येणार नाही.

आता या मे महिन्याचं सांगते. भनपुरीतल्या एका शेडमध्ये क्रेन होती, लोखंडी गजांचे गठ्ठे उचलणारी. माल जायचा होता, त्यांनी क्रेन थांबवली नाही, मी खालून पाहिली आणि चेक्डवर सही केली. त्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, पुन्हा तिथेच जायची पाळी आली. या वेळी काय मनात आलं कोण जाणे, म्हटलं वर चढू. गुडघा कुरकुर करत होता. क्रेन चालवणारा भैया पन्नाशीचा, छत्तीसगढी माणूस, हळू बोलणारा. तो शिडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि म्हणाला, “सँभल के, मैडम. पिछली बार आप ऊपर नहीं आई थीं, इसलिए बता रहा हूँ. तीसरी सीढ़ी हिलती है.” त्यात टोमणा नव्हता, बाबा. त्याने खरंच पायरीची काळजी केली होती. मी वर गेले, पातळाचं फडकं काढलं आणि दोरावर धरलं. हातभर गेलं असेल-नसेल, ते अडकलं. सोडवून पुढे नेलं, पुन्हा अडकलं. आईच्या पातळाचे धागे दोरावर जागोजागी लटकत होते. त्या दोराखालून दिवसभर माणसं ये-जा करत होती. मी तिथूनच ओरडून क्रेन बंद करायला सांगितली.

दोर कापून खाली आणला तेव्हा आतल्या तारांना गंज चढलेला होता, जुना, काळपट. एका पावसाळ्यात असा गंज चढत नाही. मी ओळखलं, मे महिन्यातच फडकं फिरवलं असतं तर तेव्हाच अडकलं असतं. पण कारखान्याच्या मॅनेजरने माझा मे महिन्याचा कागद पुढे केला. त्यावर माझी सही आणि छापील चेक्ड. म्हणजे तेव्हा दोर चांगला होता, म्हणजे खराबी नंतरची, म्हणजे या भैयाने झटके देऊन गठ्ठे उचलले. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. आज अकरा वाजता कारखान्यातल्या बैठकीत, त्याच्यासमोरच, त्याला कायमचं काढायचं ठरणार आहे, आणि आमच्या ऑफिसनेही तसंच लेखी द्यावं अशी त्यांची अपेक्षा आहे. तो भांडला नाही. मी गेटवर भेटले तेव्हा म्हणाला, “हव मैडम, कागज में जो लिखा है वही मानेंगे ना. मैं तो बाईस साल से चला रहा हूँ, एक झटका नहीं दिया.” मला त्याच्याकडे पाहवेना.

आमचे साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं. मे महिन्याच्या कागदाला हात लावायचा नाही, दोर सहा महिन्यांत झिजला, झालं. “मैडम, आप अपने हाथ से अपना गला काटेंगी? एक शब्द के लिए?” एका शब्दासाठी. आईचंच वाक्य, हिंदीतून. माझी सर्टिफिकेट द्यायची परवानगी जाईल, ऑफिसचं नाव जाईल, पोरीचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि ते सगळं खरं आहे. घरी येऊन मी तुमच्या नातीला सांगितलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीतच देते. ती म्हणाली, “मम्मी, आजकल सीन का मतलब ही ये है कि देख लिया और कुछ नहीं किया. मैसेज सीन करके छोड़ देते हैं ना, वैसे.” मग माझ्याकडे बघून जरा घाबरली आणि म्हणाली, “पर आप छोड़ोगी नहीं, है ना?” मी म्हटलं, नाही.

आणि नाहीच सोडणार. हे मी रागाने लिहीत नाहीये, ठरवून लिहिते आहे. काल संध्याकाळी अर्ज लिहिला. त्यात सरळ म्हटलं आहे की मे महिन्यात मी क्रेन खालून नुसती पाहिली होती, दोर तपासला नव्हता, म्हणून माझ्या कागदावर चेक्डच्या जागी सीन असं वाचावं, दोराच्या खराबीला क्रेन चालवणारा जबाबदार नाही, आणि ही चूक माझी एकटीची आहे. सहीसुद्धा केली. तुम्ही असता तर पाठीवर हात ठेवला असता, असं वाटून मला बरंही वाटलं. तुमचाच शब्द अखेर कामी आला, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

पण इथवर लिहून झालं आणि मगाशी लिहिलेली एक ओळ आता घशाखाली उतरत नाहीये. त्यांनी क्रेन थांबवली नाही, असं मी लिहिलं. थांबवली होती, बाबा. त्या भैयाने थांबवली होती. मला वर चढायला सोपं जावं म्हणून हुक खाली घेऊन, बटण बंद करून तो रायपूरच्या मे महिन्यात त्या पत्र्याच्या शेडमध्ये तासभर माझी वाट बघत बसला होता. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये कूलरसमोर होते. समोसे आले, चहा आला, मी मागच्या वेळचा फॉर्म समोर ठेवला आणि त्यावरून नव्या फॉर्मवर खुणा केल्या. शेडमध्ये मी गेलेच नाही. दोर खालूनही पाहिला नाही. भैयाला हे माहीत आहे. शिडीपाशी तो फक्त इतकंच म्हणाला की तुम्ही वर आला नव्हतात. माझी लाज त्याने राखली, आणि मी मात्र काल कबुली द्यायला बसले तरी तुमच्या शब्दाआड लपले.

सीन लिहायचाही मला अधिकार नाही. अर्जातली ‘खालून नुसती पाहिली’ ही ओळ आत्ताच खोडली आहे आणि तिच्या जागी ‘मी शेडमध्ये गेले नव्हते’ असं लिहिलं आहे. आता नऊच्या आत तो पूर्ण नव्याने लिहून काढते. तुमच्या या कागदाची घडी घालून तो फडक्यात ठेवते, हा कुठेच जायचा नाही. मला हे फक्त आधी तुम्हाला सांगून पाहायचं होतं, कारण अकरा वाजता त्या भैयासमोर हेच मोठ्याने वाचायचं आहे आणि मला त्याची फार भीती वाटते आहे.