पाटी नसलेला दवाखाना

सोम., ६ नोव्हेंबर २००६
एजवेअर ते क्रॉयडन, लंडनच्या या टोकापासून त्या टोकाला, दीड तास. तिथे सल्लागार संस्थेतल्या रूपर्टचं प्रवचन: संघर्षग्रस्त देशांत खाजगी क्षेत्रातून आरोग्ययंत्रणा कशी बळकट करायची. त्याचं वय एकोणतीस. जन्मात कुणाला इंजेक्शन दिलेलं नाही, पण अफगाणिस्तान बरा करणार. मी तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत बाळंतपणं केली, म्हणून त्यांच्या अहवालाखाली मेडिकल ॲडव्हायझरची सही माझी. शोभेला.

मंगळ., ७
अहवालातला नकाशा पाहिला. फरीदाचं खोरं पांढरं. 'सेवा उपलब्ध नाही.' जूनमध्ये मी दोन दिवस तिच्याचकडे होते. सुईण, घराच्या मागच्या खोलीत बाळंतपणं करते, औषधं विकते. अख्ख्या खोऱ्यातल्या बायका तिच्याकडे. याहून अस्सल खाजगी क्षेत्र कुठलं?
रू.ला विचारलं, मोजलं कसं. "टीमने जीपमधून दवाखान्यांच्या पाट्या मोजल्या." पाटी दिसली की नकाशावर टिंब. फरीदानं पाटी कधीच उतरवलीय. पाटी दिसली की बंदूकवाले येतात. या दिवट्यांना खाली उतरून कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

गुरु., ९
पांढऱ्या जागांचा ठेका एका कंपनीला मिळणार. मग तिथे इतर कुणी औषध विकलं, बाळंतपण केलं, तर बेकायदा. म्हणजे फरीदा बंद. कंपनीचा दवाखाना बाजारगावात, खोऱ्यापासून दिवसभराची वाट. बायका वाटेतच मरतील, असं मीटिंगमध्ये स्पष्ट म्हटलं. रू.नं लिहून घेतलं: "ॲक्सेस इश्यू".
शेवटी म्हणाला, "नाव, गाव द्या, टिंब टाकतो. सोमवारी नकाशा वेबसाइटवर जाईल."
सोमवारी सकाळी कळवते म्हणून मोठ्या तोऱ्यात निघाले. वेबसाइट बंदूकवालेही बघतील, हे लंडन ब्रिजला गाडी बदलताना डोक्यात शिरलं. मी नि रू. एकाच माळेचे मणी.

शुक्र., १०
श्रीधर, नवऱ्याच्या हक्कानं: "अगं, सोड ना ते काम. रिटायर झालीस ना?" सोडणं याला फार जमतं. मी सोडलं तर सहीला दुसरा कुणी म्हातारा डॉक्टर मिळेल आणि खोरं पांढरंच राहील.
फरीदाला फोन. लागत नाही.

रवि., १२
दुपारी लागला. ती पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेली, तिचं उर्दू नि माझं हिंदी, भागतं. सगळं सांगितलं. टिंब टाकलं तर बंदूकवाल्यांना कळेल, नाही टाकलं तर कंपनी बंद करेल.
मागे कुणीतरी बाई कण्हत होती.
फरीदा म्हणाली, "डॉक्टरसाहिबा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"
आयुष्यभर पेशंटना सल्ले दिले. हिला नुसतं "बघू" म्हटलं. लाज वाटली.
"बरं, तुम्हाला ठीक वाटेल ते लिहा. माझ्याकडे बाई अडलीय." फोन ठेवला.
रू.ला सकाळी नऊपर्यंत कळवायचंय. नकाशा समोर ठेवून बसलेय. टाकावं तर बंदूकवाले, न टाकावं तर कंपनी. अजून ठरत नाही.