इस्माएलला कुणी कळवलं?

समरकंद,
८ नोव्हेंबर १९८८

अम्नुनजान,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. लुदाला आणि मुलांना पोटभर माया. इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

काल सात नोव्हेंबर, क्रांतिदिनाची मिरवणूक झाली. आजही पोस्ट बंद, तेव्हा पत्र उद्याच पेटीत पडेल. अंगणातल्या डाळिंबाला यंदा इतकी फळं लागलीत की शेजारची झुलाई रोज परात घेऊन येते, भरून नेते, आणि वर सांगते की तुमची डाळिंबं आंबट. माझे हे गेल्यापासून मी बाबांकडेच राहते, ते तुला ठाऊक आहे.

झुलाई हल्ली मला 'रब्बीणबाई' म्हणते, जणू मीच आपल्या यहुद्यांची धर्मगुरू. तू गेल्यावर बाबांच्या शेजारी बसून धर्मग्रंथ वाचणारं कुणी उरलं नाही, आणि डोळे अधू व्हायला लागले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. चाळिशी उलटलेल्या बाईला अक्षरं शिकवली रे! चुकले की काठी आपटायचे. सुरुवातीला नुसती वेठ वाटायची. तुझ्या जागेवर बसवलंय म्हणून रागही यायचा.

मग कधी गोडी लागली ते कळलंच नाही. कणीक मळताना ओठांवर तोरा ग्रंथातल्याच ओळी. शनिवारी शब्बाथला एका आठवड्याचा भाग संपला की पुढचा कधी येतो असं होऊन जातं. आता कुणाची सून रुसली, कुणाचे भाऊ भांडले, की बायका माझ्याकडे येतात. मी कसली शहाणी? शाळा पाचवीतच सुटली. पण रोज ज्याच्या संगतीत बसावं त्याचं थोडं तरी अंगाला लागतं. गप्प कधी बसावं ते मी तिथेच शिकले, आणि कधी बसू नये तेही.

बाबांचं विचारशील. आहेत. चहात बुडवून नानचे दोन घास खातात, मनात असेल तर. आता डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून मी वाचते आणि ते ऐकतात.

परवाच्या शनिवारी अब्राहाम मरतो तो भाग होता. म्हातारा गेला आणि त्याच्या मुलांनी, इसहाकने आणि इस्माएलने, त्याला गुहेत पुरलं. इस्माएल म्हणजे तोच, ज्याला बापाने पाण्याची पखाल देऊन आईसकट घराबाहेर काढलं होतं. दरवर्षी मी ही ओळ वाचून पुढे जाते. यंदा त्या ओळीवरच बोट ठेवून बसले.

बाबा म्हणाले, "थांबलीस का? वाच की."

"बाबा, तो तर लांब वाळवंटात राहत होता. त्याला कळवलं कुणी?"

पूर्वी असं विचारलं असतं तर चार पंडितांची मतं ऐकवली असती त्यांनी. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, डोळा लागला. मी उठले तशी हळूच म्हणाले,

"जित्याजागत्या पोराचं सुतक पाळलं मी, रेना. सदरा फाडला, जमिनीवर बसलो. आता मी गेलो की माझं सुतक धरायला कोण?"

तुझं नाव घेतलं नाही त्यांनी. उगाच खोटं लिहीत नाही. पण जेवले नाहीत, आणि शब्बाथ उतरल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, तुझ्या अल्मा-अत्याहून इथे यायला गाडीला किती वेळ लागतो?

आता टाळत होते ते लिहिते. डॉक्टर म्हणतात, हा महिना निघायचा नाही. पाय सुजलेत, रात्री बसूनच श्वास घ्यावा लागतो. तार केली असती, पण तारेत 'बाप आजारी' एवढंच मावतं, आणि 'कुणाचा बाप?' म्हणून तू ती फाडली असतीस. तुला राग येणारच. परधर्माच्या रशियन मुलीशी लग्न केलंस म्हणून त्यांनी लुदाला दारातूनच परत धाडलं. मी बघत होते. बाबा माफी मागतील या आशेवर येऊ नकोस. कदाचित नाही मागणार.

पण इस्माएल आला तेव्हा त्याला कुणी काही विचारल्याचं तोरात नाही. त्यानेही जुनं काही काढलं नाही. दोघे भाऊ शेजारी उभे राहिले, बस. निरोप कुणी धाडला तेही लिहिलेलं नाही. पण घरात कुणीतरी बाई असणारच, जिला राहवलं नाही. मला वाईट एवढंच वाटतं की तिने फार उशीर केला. इस्माएल आला तो बापाला पुरायला. बोलणं राहूनच गेलं त्यांचं. म्हणून मी आधी लिहितेय. तू त्यांचा श्वास चालू असताना ये. वाटलं तर काही बोलू नकोस, नुसता हात धर. तुझा हात ते ओळखतील.

आणि एकटा येऊ नकोस, लुदाला घेऊन ये. झुलाईने नाक मुरडलं तर तिला बघायला मी आहे.

अजून एक सांगते, कधी बोलले नाही. तुझ्या सुतकाच्या त्या दिवसांत सगळं घर जमिनीवर बसलं होतं तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. काकूने हात धरून ओढलं, तरी बसले नाही. तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं, पण माझा भाऊ जिवंत आहे एवढं कळत होतं.

तुझं सुतक कधीच न पाळलेली,
तुझी बहीण
रेना